आई, आज ओहोटी किती वाजता?

शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर ऑफिसात फारसं काम होत नाही, हे बॉसलाही माहीत असतं. समोर एक्सेल शीट उघडी असते आणि टेबलाखाली मोबाइलवर 'वीकेंडला काय?' या राष्ट्रीय प्रश्नावर चर्चा रंगलेली असते. मित्रमंडळींचा ग्रुप असेल तर उत्तर सोपं. गाडी काढली की झालं! पण घरच्या ग्रुपवर आईचा मेसेज आला, 'बरेच दिवसांत सगळे मिळून कुठे गेलो नाही', की खरी परीक्षा सुरू होते. एकाच गाडीत सहा वर्षांपासून सदुसष्ट वर्षांपर्यंतची माणसं. एकीला झोका हवा, एकाला किल्ला, एकाला फ्राय केलेले बोंबील आणि एकीला फक्त शांतता. ट्रेक म्हटलं की अर्धी मंडळी गळतात, मॉल म्हटलं की उरलेली अर्धी. शेवटी कुणीच नाही म्हणणार नाही असं एकच ठिकाण उरतं. समुद्र!

आता समुद्रावर गेलेलं कुठलंही मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. साधारण पाचच्या सुमाराला मंडळी पोहोचतात, कारण सनसेट बघायचा असतो. पोरं पाण्याकडे धूम ठोकतात. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात. कुणीतरी भेळवाल्याकडे जातं. आणि एक बाई कोरड्या वाळूत चादर अंथरून बसते. तिच्याभोवती सहा जोड चपला, चार मोबाइल, दोन पर्स आणि एक ओला टॉवेल. 'तुम्ही जा रे, मी बसते इथेच. सामान कोण बघणार?' घरातले बीचवरचे फोटो काढून बघा. सगळे असतात, ही बाई नसते.

आमच्या घरात हे पद आईकडे आहे. दिवेआगर असो, गणपतीपुळे असो की कळंगुट, चपलांची राखणदार म्हणून तिची निवड बिनविरोध होते.

या फेब्रुवारीत मात्र मामला जरा वेगळा होता. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं. सांधा बदलायचा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, आकडे सांगितले होते, वॉकर धरून दुसऱ्याच दिवशी चालायला लावतात हेही सांगितलं होतं. आई सगळ्याला 'हो हो' म्हणत होती आणि रात्री उठून स्वयंपाकघरात पाणी पीत बसत होती. तेव्हा त्या रविवारची सहल नेहमीसारखी नव्हती. कुणी बोलून दाखवलं नाही, पण यावेळी आईने चादरीवर बसून राहायचं नाही, एवढं दादाचं, वहिनीचं आणि माझं ठरलं होतं.

पाचची वेळ कुणी ठरवली?

थोडा विचार केला तर लक्षात येतं की आपण समुद्रावर जातो ते आपल्या घड्याळाने. जेवण, वामकुक्षी, चहा, मग बीच. समुद्राला मात्र आपलं घड्याळ मान्य नसतं. त्याला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे गेल्या रविवारी पाच वाजता जिथे क्रिकेट खेळलात, तिथे या रविवारी पाच वाजता लाटा असू शकतात.

यात चालणाऱ्याचा संबंध काय? सगळाच संबंध आहे! भरती पूर्ण असेल तर किनाऱ्यावर उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय रुततो, टाच खाली जाते, गुडघा वाकडा पडतो. अशा वाळूत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद लागते. तुमच्या-माझ्यासारख्यांना तो फुकटचा वर्कआउट. पण गुडघे झिजलेल्या माणसाला चाळीस पावलांत शिक्षा. ओहोटीला तोच किनारा लांबरुंद होतो. पाणी मागे हटतं आणि खालची ओली वाळू उघडी पडते. सपाट, घट्ट, पायाला गार. फूटपाथपेक्षा बरी! निदान तिच्यात पेव्हर ब्लॉक उखडलेले नसतात.

म्हणजे आई चादरीवर बसते त्यात गुडघ्याइतकाच वाटा आपण निवडलेल्या वेळेचाही असतो.

कालनिर्णय विरुद्ध ॲप

मी कामाला लागले. मोबाइलवर भरती-ओहोटीची दोन ॲप्स डाउनलोड केली, एका वेबसाइटवरचं कोष्टक उघडलं आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले. आई पोळ्या लाटत होती.

'रविवारी तिथी काय आहे?' तिने न वळता विचारलं.

फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं. मी बघितलं. 'त्रयोदशी.'

'मग चारला सुकती.'

ॲप उघडायला अजून थोडा वेळ होता. उघडलं तेव्हा त्याने सांगितलं, तीन वाजून त्रेपन्न मिनिटं.

आईचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात. ती लहानपणी तरीतून शाळेत जायची आणि तरीची वेळ घड्याळावर नाही, पाण्यावर ठरायची. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांत माहीत होतं. पण लाटणं हातात धरून तिने जो हिशेब मला शिकवला तो मी पहिल्यांदाच ऐकत होते.

हिशेब असा. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. त्रयोदशी म्हणजे तेरा. तेराचे पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी आणि रात्री पावणेदहाच्या सुमाराला भरती पूर्ण. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, पावणेचार. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य पक्ष लागला की पुन्हा एकपासून मोजायचं. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांना हे पाठ असतं.

यामागे जादू नाही, चंद्र आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागून ओढत जाते. पंधरा तिथ्यांत हा उशीर बारा तासांचा होतो. नेमकं सांगायचं तर दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. तोंडी हिशेबासाठी जुन्या लोकांनी पंचेचाळीस धरली. त्यामुळे पक्षाच्या शेवटी शेवटी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. शिवाय हा हिशेब मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्यासाठी ठीक, तो उचलून चेन्नईला लावायचा नाही.

'आणि अष्टमीला किल्ल्यावर जायचा बेत करू नकोस हं,' आई म्हणाली. 'भांग असते. पाणी धड उतरतच नाही.'

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. भरती मोठी आणि ओहोटीही खूप खाली. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, तेव्हा भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरपर्यंत फरक पडतो. म्हणजे बिल्डिंगच्या एका मजल्याहून जास्त पाणी वर-खाली होतं. भांगेच्या दिवसांत हाच फरक दीड मीटरच्या आसपास असतो. माझ्या एम.ए. मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत यातलं एक अक्षर नव्हतं. आईच्या सातवीच्या वाटेवर सगळं होतं.

किहिमला भरती

बेत अलिबागचा. दादाची गाडी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत चढवायची आणि मांडव्याला उतरायचं. मार्च २०२० मध्ये ही सेवा सुरू झाल्यापासून गाडीसकट समुद्र ओलांडायची सोय झाली आहे. तासाभराचा प्रवास. गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचही आहेतच, पण त्या पावसाळ्यात बंद असतात आणि त्यांत गाडी चढत नाही. आईला दोनदा वाहन बदलायला लागू नये म्हणून रो-रो.

डेकवर वारा मस्त होता. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पाहुणे येणारे कुरव पक्षी बोटीच्या मागे लागले होते आणि लोक त्यांना वेफर्स भरवत होते. दादाच्या मुलीलाही, म्हणजे आमच्या पिल्लूला, भरवायचे होते. 'तळलेलं खाऊन आजोबांना जसं होतं ना, तसं त्यांना होतं,' असं वहिनीने सांगितल्यावर तिने वेफर्स स्वतःच संपवले.

दहाच्या सुमाराला आम्ही मुद्दाम किहिमला थांबलो. अलिबागच्या अलीकडचा हा शांत किनारा. थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी नोकरी गेल्यावर १९३० मध्ये इथेच मुक्काम ठोकून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता. बाबांनी ही माहिती दिली तेव्हा दादा म्हणाला, 'बघा, नोकरी गेली तर किहिम आहे.' आयटीतल्या माणसाने असं बोलावं आणि आम्ही हसावं, असे दिवस आहेत.

किहिमला भरती पूर्ण होती. हिशेबाप्रमाणे! पाणी सुरूच्या झाडांच्या जवळ येऊन आपटत होतं. चालायला उरला होता तो कोरड्या वाळूचा आणि सुरूच्या काटक्यांचा अरुंद पट्टा. आईने दहा-बारा पावलं टाकली, काठी रुतली, ती थांबली. सवयीने तिने बसायला जागा शोधली आणि आमच्या चपलांकडे बघितलं.

'इथे कुणीच चालायचं नाहीये,' वहिनी म्हणाली. 'आई, चला गाडीत. चार वाजता बघू.'

दुपारचं जेवण आक्षीच्या एका घरगुती खाणावळीत. तांदळाची भाकरी, बोंबील, कोळंबीचं कालवण आणि सोलकढी. मालकीणबाईंनी पांढऱ्या कांद्याची माळ दाखवली. अलिबागचा हा कांदा चवीला गोडसर. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आईने दोन माळा घेतल्या आणि भावात घासाघीस करून तिसरी अर्ध्या किमतीत. गुडघा दुखत असला तरी ही बाजू शाबूत आहे, याची खात्री पटली.

आक्षीला जाऊन शिलालेख बघितला नाही तर बाबा घरी येणार नाहीत. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. त्यात शिलाहारांच्या केसिदेव राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलं आहे. बाबांनी सगळं समजावून सांगितलं. आईने दगडाकडे बघितलं, मग समुद्राच्या दिशेने बघितलं आणि म्हणाली, 'अधिपती कसला? त्याला पण पाणी उतरायची वाट बघायला लागत असणार.'

समुद्रात चालत

अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात कुलाबा किल्ला दिसतो. १६८० साली शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू करवलं आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. किनाऱ्यापासून अंतर किलोमीटरभराच्या आतबाहेर. भरतीला तो बेट असतो, ओहोटीला चालत गाठता येतो. टांगेही जातात. नियम एकच, तो मात्र पाळायचा. ओहोटी पूर्ण व्हायच्या तास-दीड तास आधी निघायचं आणि पूर्ण झाल्यावर तासाभरात किनाऱ्याला परत. कारण भरती सुरू झाली की ती मागून, दोन्ही बाजूंनी, गुपचूप येते. किल्ल्यात सेल्फी काढत राहिलात तर पुढची ओहोटी बारा तासांनी.

पावणेतीनला आम्ही निघालो. चपला कुणी सांभाळायच्या? कुणीच नाही! सगळ्यांनी पट्ट्याचे सँडल घातले होते, कारण किल्ल्याजवळच्या खडकांवरची कालवं पायाला कापतात. मोबाइल आणि पाकिटं एका सॅकमध्ये, सॅक दादाच्या पाठीवर, बाकी सामान गाडीच्या डिकीत. राखणदाराचं पदच रद्द.

आईने सुरुवातीची वाळू दादाचा हात धरून पार केली. मग ओली वाळू लागली. काठी टेकली, ती रुतली नाही. तिने पुन्हा टेकून बघितली. मग हात सोडला.

त्यानंतर आम्ही सगळे तिच्या वेगाने चाललो. हे लिहायला सोपं आहे, पण आमच्या घरात कुणी कुणाच्या वेगाने चालत नाही. दादा पुढे, बाबा पाट्या वाचत मागे, मी फोनवर. इथे पुढे पळून जाण्यासारखं काही नव्हतंच. समोर एकच किल्ला, सगळीकडे सारखी वाळू आणि मधूनमधून घोट्यापर्यंत पाणी. हळू चाललं की दिसायला लागतं. वाळूवर लाखो बारीक गोळ्यांची रांगोळी होती. पिल्लूने विचारलं, 'हे कोणी केलं?' आईने तिला उकिडवं बसवलं आणि हलू नकोस म्हणाली. मिनिटभराने एका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, वाळू तोंडाशी नेली, त्यातलं खाण्याजोगं खाल्लं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकली. मग दुसरी. मग तिसरी.

'भरती आली की सगळं पुसलं जातं,' आई म्हणाली. 'मग परत ओहोटीला सुरू.'

'रोज?'

'रोज.'

पिल्लू बराच वेळ गप्प होती. हा आमच्याकडे विक्रम आहे.

अर्ध्या वाटेवर आई थांबली. गुडघा दाबत उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'भूल दिल्यावर मधेच जाग आली तर?'

इतके दिवस रात्री पाणी पिताना तिच्या मनात हे होतं. ऑपरेशन नाही, खर्च नाही, वॉकर नाही. हे. हॉस्पिटलच्या केबिनमध्ये डॉक्टरांनी तीन वेळा 'काही शंका?' विचारलं होतं आणि तिने मान हलवली होती. घरात विचारायला मुहूर्त मिळत नव्हता. समोरासमोर बसून असलं बोलता येत नाही बहुतेक. शेजारी चालताना, दोघींचे डोळे समोर असताना येतं. मी म्हटलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांची वेगळी भेट घेऊ, त्यांनाच विचार. 'असं वेगळं भेटता येतं?' येतं, आणि ऑपरेशनआधी ते तपासायला येतातच. 'बरं,' ती म्हणाली आणि काठी पुढे टाकली. किल्ला अजून अर्धा किलोमीटर होता.

किल्ल्याच्या तटाशी बाबा पुन्हा फॉर्मात आले. हे मोठाले दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. भिंत समुद्राशी भांडत नाही, म्हणून टिकते. आत गणपतीचं देऊळ आहे, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीरही आहे. आई देवळाच्या पायरीवर बसली. बसली, पण चादरीवर नाही आणि चपलांसाठी नाही. स्वतःच्या पायांनी समुद्रातून चालत आलेली बाई दमून बसली होती, आणि आजूबाजूच्या बायका तिला 'मावशी, तुम्ही चालत आलात?' असं विचारत होत्या. त्या बसण्याची ऐट वेगळी होती. मी फोटो काढला. फेब्रुवारीतल्या उन्हात तिचे डोळे बारीक झालेत आणि साडीचा काठ घोट्यापर्यंत भिजलाय.

चार वाजून पाच मिनिटांनी तिने स्वतःच फर्मान काढलं. 'उठा. पाणी फिरलं.' आम्हाला काहीच दिसत नव्हतं. बाहेर आलो तर येताना कोरडा असलेला एक खळगा ओला झाला होता. परतताना तिला आणि पिल्लूला टांग्यात बसवलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, शौर्य गाजवायला नाही.

आक्षीची वाळू

पाच वाजता पुन्हा आक्षी. आक्षीपासून नागावकडे जाणारा किनारा सलग आणि सपाट आहे. एका बाजूला सुरूचं बन, दुसऱ्या बाजूला पाणी. नागावला गर्दी, बनाना बोटी आणि पॅरासेलिंग. आक्षीच्या बाजूला त्यामानाने शांत. भरती वर येत होती, पण ओल्या वाळूचा पट्टा अजून रुंद होता. दादा गाडी घेऊन पुढे नागावला गेला आणि तिथून उलटा चालत आम्हाला भेटायला आला. ही युक्ती लक्षात ठेवा. घरच्यांबरोबर चालताना परतीची वाट नसली पाहिजे, कारण दमतो माणूस तो परतीलाच.

आई थोडं चालली, थोडी थांबली. एका ठिकाणी तिने साडी वर खोचली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली. लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकते, ते तिने पिल्लूला दाखवलं. दोघी हात धरून, सरकणाऱ्या वाळूवर तोल सांभाळत हसत होत्या. बाबांनी पँट दुमडली होतीच. सूर्य साडेसहानंतर बुडाला. त्रयोदशीचा चंद्र तेव्हा मागे सुरूच्या शेंड्यांवर आधीच येऊन थांबला होता. सनसेट आणि चंद्र एकाच वेळी हवे असतील तर पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी जा. हा फंडाही आईचाच.

काही गोष्टी कडक शब्दांत सांगायला हव्यात. भरती-ओहोटीचा तिथीचा हिशेब बेत आखायला उत्तम, पण निघण्याआधी त्या दिवसाचं कोष्टक बघाच. लाटांमध्ये पोहायला उतरणं आणि ओल्या वाळूत चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आपल्या किनाऱ्यांवर दरवर्षी माणसं बुडतात, त्यांतली बरीच ओढ न ओळखल्यामुळे. पावसाळ्यात किल्ल्याचा नाद नको. गाडी वाळूत घालू नका, समुद्र ती परत देईलच असं नाही. आणि किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसाने 'आता जाऊ नका' म्हटलं तर वाद घालू नका. त्याच्याकडे ॲप नसतं, त्याहून भारी काहीतरी असतं.

परतीला पेण-वडखळ करत अटल सेतूवरून आलो. जानेवारी २०२४ मध्ये हा पूल सुरू झाल्यापासून रात्रीचा परतीचा प्रवास सुसह्य झालाय. पिल्लू केव्हाच झोपली होती. बाबा पेंगत होते. गाडीत पांढऱ्या कांद्याचा वास. पूल बावीसेक किलोमीटरचा, त्यातला बहुतेक समुद्रावरून. खाली नुसता अंधार. घड्याळात दहाला दहा कमी होते.

'भरली असेल आता,' आई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिने अकरा प्रश्न विचारले. त्यांतले चार त्यांना आवडले नसावेत. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून ती सहा पावलं चालली आणि मग रोज थोडी थोडी जास्त. आता काठी फक्त बाहेर जाताना लागते. परवा फिजिओथेरपिस्टने विचारलं, 'काकू, पुढचं टार्गेट काय ठेवू या? बिल्डिंगच्या दोन फेऱ्या?' तिने पर्समधून कालनिर्णयाचं एक फाडलेलं पान काढलं. त्यावर पेनने गोल केलेला एक रविवार होता, पंचमीचा. पाचाचे पाऊणपट पावणेचार, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला ओहोटी. या वेळी टांगा नको म्हणते आहे.